अर्ध्यावरचा काटा

"तू रोज या गाडीत बसून नक्की कोणाची वाट बघतोस?"

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या दोन मैत्रिणींनी तो तयार केला, माझ्याकडून घोटवून घेतला आणि मग पाठीत एक हलकासा धक्का देऊन मला रस्त्याच्या पलीकडे पाठवलं.

या दोघी म्हणजे चिमणी आणि मास्तरीण. चिमणी आवाजाने बारीक, पण बंद म्हणून पडत नाही. मास्तरीण सगळ्या जगाच्या चुका काढते, बसथांब्यावरच्या पाटीच्यासुद्धा. आमच्या क्लासच्या समोर चष्म्याचं दुकान आहे, दुकानासमोर एक करडी गाडी उभी असते, आणि त्या गाडीत दुपारभर आमच्याच वयाचा एक मुलगा बसलेला असतो. हात स्टिअरिंगवर, नजर खाली. चिमणी त्याच्या समोरून वेगवेगळ्या केसांनी जाऊन आली. काही उपयोग नाही. "मुलगा नाही तो, पुतळा आहे," तिने जाहीर केलं. "बघू आपली पाना त्याला बोलतं करते का."

पाना म्हणजे मी. तोच, नट-बोल्ट उघडायचा. आमचं गॅरेज आहे. आई गाड्या दुरुस्त करते आणि त्याच शेडच्या उरलेल्या अर्ध्या भागात बाबा सीटची कव्हरं शिवतात. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीलाही नुसता हात वर करायचे, तोंड उघडायचे नाही. मग शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करणाऱ्या मुलीचा ऐन वेळी घसा बसला, मला कुणीतरी माईकपुढे उभं केलं… आणि माझा आवाज जो सुटला तो आजतागायत सुटलेलाच आहे. म्हणून अशी कामं हल्ली माझ्याकडे येतात.

तर, मी विचारलं. खिडकीच्या काचेवर बोट वाजवून, अगदी घोटल्याप्रमाणे.

त्याने मान वर केली नाही. एक हात तेवढा उचलला — थांब, अशा अर्थी. मी थांबले. का थांबले, देव जाणे. मग त्याने सुस्कारा सोडला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळ्यांखाली झोप न झाल्याच्या रेघा होत्या, आणि पापण्या इतक्या लांब की चिमणीला सांगितलं तर ती तापाने फणफणेल.

"काट्याची," तो म्हणाला.

"कशाची?"

त्याने डॅशबोर्डवर बोट टेकवलं. पेट्रोलचा काटा. बरोबर अर्ध्यावर.

"तो पडायची वाट बघतोय."

"आणि पडला तर?"

"तर मी चोर नाही."

रस्त्यापलीकडे चिमणी हाताने खुणा करत होती, काय म्हणाला, काय म्हणाला. मी तिच्याकडे पाठ केली. माझ्या आयुष्यात मी चिमणीकडे पाठ केल्याची ही पहिलीच वेळ.

"नीट सांग," मी म्हटलं.

"तुला कशाला?"

"काट्यांमधलं मला कळतं म्हणून."

त्याला ते पटलं नसावं, पण बरेच दिवस कुणाशी बोलला नसावा, म्हणून सांगितलं. चष्म्याचं दुकान त्याच्या भावोजींचं. भावोजी रोज सकाळी आजूबाजूच्या गावांत डोळे तपासायला जातात, दुपारी परत. वरच्या मजल्यावर भावोजी आणि त्याची ताई राहतात, आणि हा दुकानामागच्या खोलीत, रात्री गाडी लावतात तिच्या अगदी शेजारी. त्याच्या गावात दहावीच्या पुढे वर्गच नाहीत, म्हणून ताईने शिकायला इथे आणला. दुपारी गाडी पुसायचं काम त्याच्याकडे, म्हणून किल्लीही त्याच्याकडे. तिथेच सगळा घोटाळा.

"भावोजी रात्री गाडी दुकानामागे लावताना काटा बघतात. अर्धा. सकाळी किल्ली फिरवतात, शून्य. म्हणजे रात्रीत अर्धी टाकी गायब. असं या महिन्यात बऱ्याचदा झालं. घरात परका माणूस एकच."

"परका? तू मेव्हणा ना त्यांचा?"

"तेच म्हणतोय."

तो हसला, पण ते हसणं ओठांच्या कोपऱ्यातच संपलं.

"काटा खोटा पडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दोनदा. गाडी नुसती उभी असते, किल्ली चालू करून मी बसलेला असतो, आणि तो हळूहळू… असा निजल्यासारखा खाली येतो. मी धावत जाऊन भावोजींना बोलावतो. ते येतात, धाडकन बसतात, गाडी हलते आणि काटा परत वर. मग ते माझ्याकडे बघतात. मी आयुष्यभर पुरेल इतकं बघून घेतलंय ते बघणं."

मी खिडकीवर कोपर टेकलं. डोक्यात काहीतरी फिरायला लागलं होतं.

"शून्य दिसल्यावर भावोजी काय करतात?"

"कोपऱ्यावरच्या पंपावर जातात. अर्धी टाकी भरतात. फुल कधीच नाही. फुल केली की गाडी जड होते आणि पेट्रोल जास्त खाते, असं त्यांचं मत आहे."

"आणि भरल्यावर काटा कुठे जातो?"

"तो… जवळजवळ फुलवर."

"शून्यात अर्धी घातली तर अर्धीच व्हायला हवी ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. इतकं सरळ की मला एकदम आठवलं, माझ्या वेणीचा रबर तुटलाय आणि तिथे मी बाबांच्या मशीनचा दोरा बांधलाय.

"मी पण हेच म्हटलं त्यांना," तो म्हणाला. "ते म्हणाले, माझ्या धाकाने परत आणून टाकलंस. म्हणजे चोरलं होतंसच."

यावर हसावं की रडावं कळेना. मी हसले. मग तोही हसला, या वेळी पुरता.

"येत्या रविवारी मला गावच्या बसमध्ये बसवणारेत," तो म्हणाला. "सकाळी काटा आणखी एकदा शून्यावर दिसला तर त्याच्याही आधी."

"नाव काय तुझं?" असं मी विचारायला हवं होतं. त्याऐवजी तोंडातून निघालं, "उद्या याच वेळी गाडीत बस. मी येते."

"तू आहेस कोण पण?"

"पाना. आई गॅरेज चालवते, बाबा कव्हरं शिवतात. आमच्याकडे आई उघडते आणि बाबा झाकतात."

"आणि तू?"

याचं उत्तर ठरलेलं होतं, पण ते माझं नव्हतं. बारावीनंतर मामाच्या ऑफिसात हिशेबाचं काम शिकायला जायचं, हे आईने ठरवून टाकलंय. तिची एकच इच्छा आहे — माझी नखं पांढरी राहावीत.

"मी उद्या येते," मी परत म्हटलं आणि रस्ता ओलांडला.

"काय म्हणाला?" चिमणी.

"पेट्रोलबद्दल बोलत होता."

"प्रेमाबद्दल?"

"पेट्रोल, गं."

"शी," चिमणी म्हणाली. मास्तरीण मात्र माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिला चूक सापडल्यासारखं दिसत होतं.

*

आता आमच्या गॅरेजचा नियम सांगायला हवा, कारण मी तो मोडला.

उघडायच्या आधी सांगायचं. गाडी कुणाचीही असो, बॉनेट उघडायचं असेल तर आई मालकाला आधी मोठ्याने सांगते, "भाऊ, बॉनेट उघडतेय." मालक कोपऱ्यावर चहा पीत असेल तरी इथून हाक मारून सांगते. मी लहान असताना मला याची लाज वाटायची. पण आईच्या हाताखालून गेलेल्या गाडीबद्दल आजवर कुणी शब्द काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले. भावोजी दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर काढत होते. आतून त्यांचा आवाज येत होता, "खालची ओळ वाचा. त्याच्या खालची."

"मागचं सीट उचलायचंय," मी कुजबुजले.

"कशाला?"

"खाली गोल झाकण असतं. त्याच्याखाली टाकीचा सेन्सर. टाकीत एक दांडी असते, तिच्या टोकाला फ्लोट, म्हणजे तरंगणारा डबा. पेट्रोल वर गेलं की डबा वर, पेट्रोल खाली गेलं की डबा खाली. दांडी हलली की काट्याला खबर जाते. ही खबर जाणारी वायर मी काढून बघणारेय. टाकीला हात लावणार नाही."

"भावोजींना विचारू या का?"

मी दुकानाकडे बघितलं. मग त्याच्याकडे. सांगायला गेलो तर ते नाही म्हणतील, आणि नाही म्हणाले तर रविवार येईल.

"दोनच मिनिटं," मी म्हटलं.

आम्ही सीट उचललं. मी झाकणाचे स्क्रू काढले, गाडी बंद असल्याची खात्री केली आणि प्लग उपटला. "आता किल्ली फिरव."

तो पुढे वाकला. क्लिक. मी दोन सीटच्या मधून डोकं घातलं, त्याच्या खांद्याजवळ. साबणाचा वास येत होता, गाडी पुसायच्या साबणाचा. काटा शून्यावरून हललाच नाही.

"बघ. खबर तुटली की काटा शून्य दाखवतो. पेट्रोल कितीही असो."

मी किल्ली बंद करवून प्लग परत लावला. क्लिक. काटा आळसावलेल्या माणसासारखा उठत उठत अर्ध्यावर आला.

"म्हणजे…" तो वळला. आमच्या नाकांमध्ये वीतभर अंतर राहिलं होतं. दोघांनाही ते एकदमच कळलं, आणि दोघंही हललो नाही. "म्हणजे रात्री कुठेतरी खबर तुटते."

"हं," मी म्हटलं. आख्ख्या शाळेला माईकवरून ऐकू जाणाऱ्या मुलीच्या तोंडून एवढंच.

"इथे काय चाललंय?"

हे गाडीच्या खिडकीतून आलं.

भावोजी. बोटांत कुणाच्यातरी चष्म्याची काच. त्यांना काय दिसलं असेल ते मला आजही दिसतं… वर उचललेलं सीट, उघडं झाकण, त्याखाली टाकी, माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर, आणि त्यांचा मेव्हणा चोरासारखा लालबुंद.

"म्हणजे असं काढतोस," ते अगदी हळू म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आणि आता जोडीदारही."

"काका, आम्ही फक्त प्लग —"

"तू कुणाची ग?"

मी सांगितलं.

"तुझ्या आईचं नाव मी चांगलं ऐकलं होतं," ते म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. "रविवार कशाला? उद्या सकाळची बस."

वरच्या मजल्याच्या खिडकीत त्याची ताई उभी होती. पडदा धरून. ती काहीच बोलली नाही, आणि तो तिच्याकडे एकदाच बघून खाली बघायला लागला. त्याला भावोजींच्या बोलण्याने लागलं नव्हतं इतकं त्या न बोलण्याने लागलं.

*

आई गाडीखालून बाहेर आली, तीही निम्मीच. चाकांच्या पाटावर उताणी पडून तिने माझं सगळं ऐकलं.

"उघडलंस?"

"फक्त झाकण आणि प्लग."

"कुणाला सांगितलंस?"

बाबांचं मशीन थांबलं.

"आई, तो उद्या जाईल. त्याचं शिक्षण —"

"मी विचारलं, कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

आईने पाना खाली ठेवला. हात धुतले, कोपरापर्यंत. केस विंचरले. मला वाटलं, झालं, आता मामा. पण ती म्हणाली, "चल."

चष्म्याच्या दुकानात आई गिऱ्हाईक जाईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "भाऊ, माझ्या मुलीने तुमची गाडी न विचारता उघडली. चूक आमची आहे. तुम्ही बोललात ते योग्यच."

मी जमिनीकडे बघत होते. माझ्यामुळे आई कुणाची माफी मागतेय, हे मी कधी बघितलं नव्हतं. पुन्हा बघायचंही नाही.

"आता तुम्हाला सांगून विचारते," आई पुढे म्हणाली. "गाडी आज संध्याकाळी माझ्याकडे आणा. टाकीचा सेन्सर बाहेर काढून तुमच्यासमोर तपासते."

"मी दिवसभर लोकांची नजर तपासतो, वहिनी. मला एक काटा वाचता येत नाही?"

"येतो की. काटा खरं सांगतो का, एवढंच बघायचंय."

भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि दोष निघाला नाही तर?"

दुकानाच्या मागच्या दारात तो उभा होता. हातात अर्धवट घडी घातलेला शर्ट. बॅग भरत असावा.

आईने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तर तुम्ही म्हणता ते खरं," ती म्हणाली.

*

संध्याकाळी गाडी आली. भावोजी, ताई आणि तो. तो मागे बसला होता, मांडीवर बॅग. बॅग कशाला आणली, असं मी डोळ्यांनी विचारलं. त्याने खांदे उडवले. नंतर कळलं, त्याने ठरवलं होतं की दोष निघाला नाही तर त्या घरात परत पाऊल ठेवायचं नाही. रात्र बसथांब्यावर काढायची.

"भाऊ, मागचं सीट उचलतेय," आई म्हणाली. "बॅटरीची वायर काढतेय. आता टाकीचं झाकण उघडतेय." प्रत्येक वाक्यागणिक भावोजी मान डोलवत होते, आणि प्रत्येक वाक्य मला चिमट्यासारखं बसत होतं.

आईने सेन्सर अलगद बाहेर काढला, निथळवला, टाकीचं तोंड बंद केलं. सगळी दारं उघडी. मग सेन्सर दूरच्या बाकड्यावर ठेवून तिथून गाडीपर्यंत लांब वायर ओढली आणि बॅटरी परत जोडली. आता बाकड्यावर दांडी हलवली की गाडीतला काटा हलणार. पुढच्या सीटवर भावोजी, काट्यासमोर. काटा मीच वाचणार, असं त्यांनीच सांगितलं होतं.

आईने आधी सेन्सरला वायर तपासायचा मीटर लावला. दांडी खाली, रिकामी टाकी. "बरोबर." दांडी वर, भरलेली टाकी. "बरोबर."

मग तिने दांडी खालून वर नेली. "भाऊ?"

"रिकामी… पाव… अर्धी… पाऊण… फुल," भावोजी वाचत गेले.

वरून खाली.

"फुल, पाऊण, अर्धी, पाव. एकदम सरळ."

आईने पुन्हा केलं. तेच. पुन्हा. तेच.

आईच्या कपाळावर एक आठी आली. ती मला ओळखता येते. ती आठी म्हणजे, दोष नाहीये.

"झालं?" भावोजींनी सीटवरूनच विचारलं. आवाजात विजय नव्हता, हे मी मान्य करते. थकवा होता. "मलाही आनंद होत नाहीये, वहिनी. बायकोचा भाऊ आहे. पण यंत्रात दोष नाही."

त्याने बॅग उचलली. ताई त्याच्याकडे बघत नव्हती, बाबांच्या शिलाई मशीनकडे बघत होती, जणू तिला एक विकतच घ्यायचं होतं. आणि मी… मला वाटून गेलं, फक्त क्षणभर, की तो खोटं बोलत असेल तर? तो काटा पडताना दोनदा फक्त त्यानेच बघितला. इतरांनी नाही. मी तर नाहीच.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला ते दिसलं. माझ्या डोळ्यांत, तो क्षणभर. लाजेने माझे कान तापले.

"जातो," तो म्हणाला. "थँक्स. तू थांबलीस तरी ऐकायला. बाकी त्या काट्यासमोरून सगळे लगेच उठून जातात."

लगेच उठून जातात.

"थांब," मी म्हटलं. माईकवरच्या आवाजात. बाबांच्या हातातून कात्री पडली. "आई, दांडी अर्ध्यावर आण. आणि तिथेच धर."

"अर्धी वाचली ना त्यांनी."

"हलती असताना वाचली. आई, पेट्रोलचा काटा मुद्दाम आळशी बनवतात ना, गाडी हिंदकळली तरी नाचू नये म्हणून? दांडी तू झरकन नेतेस. मधे खबर तुटली तरी काटा पडायच्या आत पुढची खबर येते. तो रोज गाडीत बसून वाट बघायचा. आपण कुणीच वाट बघितली नाही."

आईने बाकड्यापासून हात काढून घेतला आणि मान हलवली. ये.

मी दांडी धरली. हळू… पावच्या वर… अर्ध्याच्या किंचित खाली… अर्धी.

"अर्धी," भावोजी म्हणाले.

"कुणी हलू नका."

कुणी हललं नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला. माझा दंड भरून आला. काही नाही. काही नाही. मी केसभर वर सरकवली. तो बॅग धरून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. काट्याकडे न बघता, माझ्या हाताकडे बघत. आणखी केसभर.

"अर्धी," भावोजी म्हणाले. मग… "अर्ध्याच्या खाली."

"पाव," भावोजी म्हणाले. "पावच्या खाली. अहो…" त्यांनी चष्मा वर सरकवला. "शून्य."

मी दांडी बोटभर उचलली. काटा आळोखेपिळोखे देत वर आला. परत अर्ध्यावर आणून थांबवली. परत खाली. भावोजींनी मला ते आणखी एकदा करायला लावलं, जसं ते गिऱ्हाइकाला खालची ओळ परत वाचायला लावतात. मग ते गाडीतून उतरले, आणि उतरताना या वेळी धाडकन नाही.

आईने सेन्सरचं कव्हर काढलं आणि दिवा जवळ आणला. आत एक काळी पट्टी असते, तिच्यावरून धातूची दोन बारीक बोटं घासत जातात. पट्टी दोन्ही टोकांना कोरी करकरीत होती. मधोमध, बरोबर अर्ध्यावर, झिजून पांढरी पडली होती. तिथे बोटं नुसती हवेत.

"तुम्ही टाकी कधी फुल करता?" आईने विचारलं.

"कधीच नाही. गाडी जड —" भावोजी थांबले.

"म्हणून वर्षानुवर्षं हे बोट याच एका जागी घासत राहिलं. बाकीची पट्टी वापरलीच नाही."

भावोजी वाकून त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत होते. शेवटी तेच बोलतील असं वाटत होतं, पण बोलली ताई.

"मी याला एकदाही विचारलं नाही," ती म्हणाली. नवऱ्याला नाही, सगळ्यांना. "तुम्ही तरी विचारलंत, रागाने का होईना. मी वरून बघत राहिले." मग ती भावाकडे गेली आणि त्याच्या हातातली बॅग घेतली. त्याने सोडली नाही. ती ओढत राहिली, तो धरून राहिला, दोघांचेही डोळे भरलेले, आणि आम्ही बाकीचे उगाच छताकडे बघत होतो.

"उद्याची बस राहू दे," भावोजी म्हणाले.

"नाही," तो म्हणाला. "बस राहू दे म्हणू नका. तू चोर नाहीस, असं म्हणा. मग राहीन."

भावोजींचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ते त्याच्याहून वीतभर उंच होते, पण त्या क्षणी तसे दिसत नव्हते.

"तू चोर नाहीस," ते म्हणाले. "माझी नजर चुकली."

त्याने बॅग सोडली.

आई माझ्याकडे वळली आणि बारीक टोकाची पक्कड माझ्यापुढे धरली. "ही दोन बोटं जराशी बाजूला वाकव. झिजलेल्या जागेवरून नको, कोऱ्या पट्टीवरून जाऊ दे. नवीन सेन्सर मिळेपर्यंत चालेल."

"मी?"

"माझा हात जड आहे. आणि दोष तू काढलास." मग भावोजींना, "भाऊ, माझी मुलगी तुमचा सेन्सर दुरुस्त करतेय."

मी वाकवली. केसभर. आई नखांकडे बघत होती, माझ्या काळ्या झालेल्या नखांकडे, आणि तिने दिवा आणखी जवळ धरला.

*

नंतरच्या आठवड्यात क्लास सुटला तेव्हा गाडी तिथेच होती. तोही. हात स्टिअरिंगवर, नजर खाली.

"जा," मास्तरीण म्हणाली. "या वेळी प्रश्न तुझा तू तयार कर."

मी रस्ता ओलांडला. काटा एकदम वर टेकलेला होता. फुल. भावोजी आता रोज पंपावर जातात आणि परत येऊन सगळ्यांना सांगतात की गाडी जड वगैरे काही होत नाही.

"काटा तर हलत नाही," मी म्हटलं. "मग आता कोणाची वाट बघतोस?"

त्याने समोरच्या काचेवरचा एक डाग बोटाने पुसला. डाग बाहेरून होता.

"तुझा क्लास सुटायची," तो म्हणाला. "आधीपण… थोडीशी तुझीच. तुझ्या वेणीला दोरा होता, त्या दिवशी निळा. मी काट्याकडेच बघतोय असं वाटायचं, म्हणून तुला कळलं नसेल."

"चिमणीला वाटतं तू पुतळा आहेस."

"आणि तुला?"

"मला…" माझा तो सुटलेला आवाज नेमका तेव्हाच कुठेतरी जाऊन बसला. "गॅरेजमध्ये… मला क्षणभर वाटलं होतं, तू खोटं बोलतोयस."

"माहितेय. दिसलं."

"राग नाही आला?"

"आला ना. मग तू दांडी धरलीस आणि कुणी हलू नका म्हणालीस. तुझा दंड भरून आला होता, पण दांडी हलली नाही. राग तेव्हाच गेला. पाना… मला तू आवडतेस."

रस्त्यापलीकडून चिमणीचा आवाज आला, "पेट्रोलबद्दलच चाललंय का अजून?"

"हो," मी ओरडून सांगितलं. मग खिडकीत वाकून त्याला हळूच म्हटलं, "मला पण. पण थांब. आमच्याकडे एक नियम आहे. मी एकदा मोडलाय, परत मोडणार नाही."

आणि मी पळत सुटले. शेडमध्ये पोचले तेव्हा आई गाडीखाली होती आणि बाबा मशीनवर. मी मधोमध उभी राहिले. बाबांनी मान वर केली म्हणजे माझा चेहराच सगळं आधी सांगून टाकणार, हे मला माहीत होतं.

"आई, बाहेर ये. बाबा, मशीन थांबवा."

पाटाची चाकं खडखडली. मशीन थांबलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"उघडायच्या आधी सांगतेय," मी म्हटलं. "मामाकडे मी जाणार नाही. बारावीनंतर मी गाड्यांचा डिप्लोमा करणार, आणि नंतर हात काळे करायला इथेच येणार. हा एक निर्णय. आणि तो चष्म्याच्या दुकानातला मुलगा मला आवडतो, मी त्याला आवडते, आणि हे तुम्हाला गल्लीतून कळायच्या आधी माझ्या तोंडून कळावं असं मी ठरवलं. रविवारी तो चहाला येईल, तुम्ही दोघं समोर असताना. हा दुसरा. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, बाबा, त्यामुळे हसू नका."